वाढलेले भाले

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकं साल विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं ते सांगायला उरले नाहीत.

डोंगरांनी वेढलेलं एक छोटंसं राज्य होतं. उत्तरेच्या शेजारी राज्याकडे जाणारा रस्ता सोडला, तर बाहेरून आत यायला एकच वाट होती, पश्चिमेची खिंड. खिंडीच्या आतल्या उतारावर सात गावं होती. तिथून दोन दिवस चाललं की राजधानी लागायची. खिंड राखली की राज्य राखलं, इतकं ते सोपं होतं.

त्या राज्यात एक रीत होती. पुढचं सगळं त्या रीतीपायी घडलं, म्हणून ती आधी सांगतो.

आपल्याकडे नाही का, नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात? डब्यातले तांदूळ संपले तर जुन्या बायका संपले म्हणत नाहीत, उदंड झाले म्हणतात. घराबाहेर पडताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. चांगली रीत आहे, मीही पाळतो. घरातल्या माणसांना त्या शब्दांचा अर्थ ठाऊक असतो, म्हणून त्यात कुणी फसत नाही. तांदूळ उदंड झाले म्हटलं की कुणीतरी उठून तांदूळ आणायला जातंच.

त्या राज्याच्या दरबारानं मात्र ही रीत फारच मनावर घेतली होती. झालं होतं असं, की राजाच्या आजोबांना राज्याभिषेक झाला त्या दिवशी एक सेवक भर दरबारात म्हणाला, "समईतलं तेल संपलं." दुसऱ्या दिवशी आजोबामहाराज आजारी पडले. आदल्या दिवशी त्यांनी फणसाचे चाळीस गरे खाल्ले होते, हे कुणी लक्षात घेतलं नाही. दोष आला तो सेवकाच्या शब्दावर. तेव्हापासून दरबारात उणा शब्द उच्चारायला बंदी झाली.

बंदी झाली म्हणजे ती पाळली जाते की नाही हे बघायला माणूस आलाच. त्याला शुभकारभारी म्हणत. तो हातात एक पितळी घंटा घेऊन दरबाराच्या दाराशी उभा असायचा. कुणी मोडलं म्हणालं, की टिंग. सरलं म्हणालं, की टिंग. मेलं म्हणालं, तर दोनदा टिंग टिंग. ज्याच्यासाठी घंटा वाजे त्यानं बाहेर जायचं, चूळ भरायची आणि तीच गोष्ट शुभ शब्दांत पुन्हा सांगायची. एक म्हातारी आपली गाय मेल्याचं सांगायला आली होती. तिला नऊ वेळा चूळ भरावी लागली. शेवटी आपण काय सांगायला आलो होतो तेच ती विसरली आणि घरी निघून गेली.

हसताय ना? हसा. पुढे हसायला फारसं मिळणार नाही.

एका वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला मिठाचे व्यापारी बातमी घेऊन आले. पश्चिमेच्या राजानं नदीपलीकडे फौज जमवली होती, आणि पुराचं पाणी उतरायची तो वाट बघत होता. व्यापारी शहाणे होते, त्यांना दरबाराची रीत ठाऊक होती. ते म्हणाले, "महाराज, पश्चिमेचे राजे दहा हजार माणसं घेऊन आपल्या भेटीला यायचं म्हणतात."

राजा तरुण होता, पण अडाणी नव्हता. भेटीला येणारा दहा हजार माणसं आणत नाही, हे त्याला समजलं. त्यानं आपल्या सेनापतीला बोलावलं.

हा सेनापती साठी ओलांडलेला होता. तरुणपणी त्यानं याच खिंडीत मोठी लढाई जिंकली होती, आणि तेव्हापासून त्या लढाईच्या गोष्टी सांगत तो राजधानीत राहिला होता. गेल्या सहा वर्षांत तो खिंडीवर एकदाही चढला नव्हता.

"सेनापती," राजा म्हणाला, "खिंडीवर जा. फौज कितपत तयार आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आपलं बळ पुरेसं असेल, तर आपण एकटे खिंड लढवू. पुरेसं नसेल, तर उत्तरेच्या राजाकडे मदत मागू आणि उतारावरची सातही गावं हलवू. तुम्ही सांगाल त्यावर मी ठरवीन."

उत्तरेच्या राजाशी या राजाच्या वडिलांचं भांडण झालेलं होतं. त्याच्यापुढे हात पसरायचे म्हणजे राजाच्या जिवावर आलं होतं. ते त्यानं बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन दिवसांची वाट चालून सेनापती सकाळी खिंडीवर पोचला. तिथल्या चौकीचा नाईक लगबगीनं पुढे आला. पन्नाशीचा, रापलेल्या अंगाचा, एका पायानं थोडा अधू. त्यानं मुजरा केला आणि मागे वळून हाळी दिली, "हुबं ऱ्हावा रं सरळ! सेनापती आल्याती!"

माणसं रांगेत उभी राहिली. यादीत तीनशे नावं होती. सेनापतीनं माणसं मोजली, ती नव्वद भरली. त्यानं पुन्हा मोजली. नव्वदच होती.

"बाकीचे कुठे आहेत?"

"गेले जी," नाईक म्हणाला. "कुनी नांगराला गेलं, कुनी सासुरवाडीला जाऊन बसलं. जाताना समदे येतो म्हनले. आलं कुनीच न्हाई."

डोंगरातली माणसं अशीच बोलत. त्यांच्याकडे घंटा नव्हती.

सेनापतीनं भाले बघायला मागितले. नाईकानं एक भाला घेतला, दगडावर आडवा टेकवला आणि हातानं थोडा भार दिला. दांडा मधोमध मोडला आणि आतून पिवळा भुसा गळला.

"भुंगा लागलाय जी. दोनशे भाल्यांतले तीस धड आसतील. पाती मातुर आमी रोज घासतो."

पाती खरंच चकचकीत होती. सेनापतीला ती बघवेनात.

मग ते धान्याच्या पेवाकडे गेले. नाईकानं वरचा दगड सरकवला आणि आत काठी घातली. काठी तळाला टक्कन लागली. वर काढली तेव्हा तिच्या टोकाला चार सोंडे किडे चिकटलेले होते. घोडे सावलीत बसले होते. चाळिसांतले अकरा उरले होते आणि त्यांचे गुडघे सुजलेले होते. "बसले की चौघांनी मिळून उठवावं लागतंय," नाईक म्हणाला.

रांगेच्या शेवटी एक म्हातारा तिरंदाज उभा होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सेनापतीनं विचारलं, "बाबा, नेम कसा धरतोस?"

"आवाजावर जी," म्हातारा म्हणाला. "शत्रूनं फकस्त बोलत यावं."

सगळी रांग हसली. सेनापतीला मात्र हसू आलं नाही.

दुपारी नाईकानं त्याला आंबील दिली आणि खाली मान घालून म्हणाला, "सा वर्सांनी आलासा, अन् म्होरं ठेवाया गुळाचा खडा न्हाई. लाज वाटती जी."

आता सांगा, लाज कुणाला वाटायला हवी होती? पोटाला चिमटा घेऊन सहा वर्षं खिंड राखणाऱ्याला, की राजधानीत बसून जुन्या लढाईच्या गोष्टी सांगणाऱ्याला? सेनापतीला ते कळत होतं. त्यानं आंबिलीचा वाडगा खाली ठेवला. आणि लाज वाटली की काही माणसं करतात तेच त्यानं केलं. तो चिडला.

"इतकं झालं तर निरोप का नाही धाडलास?"

नाईकानं नवलानं वर बघितलं. "दरसाल धाडला की जी. पयल्या साली सांगून धाडलं, भाले मोडाया लागले. दुसऱ्या साली सांगून धाडलं, धान्य सरत आलं. पोचला न्हाई व्हय?"

निरोप पोचला होता. सेनापतीला तो दिवस आठवत होता. खिंडीवरून आलेल्या माणसासाठी घंटा वाजली, त्या बिचाऱ्यानं बाहेर जाऊन चूळ भरली, आणि आत येऊन तो म्हणाला, "महाराज, खिंडीवरचे भाले वाढू लागले आहेत." दरबारानं माना डोलावल्या. सेनापतीला अर्थ कळला होता. पुढच्या महिन्यात जाऊन बघू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. तो पुढचा महिना सहा वर्षं आला नाही.

"आता तुमीच सांगा महाराजांना," नाईक म्हणाला. "आमचा मानूस घंटी वाजली की भितो. तुमचं ऐकत्याल. म्हनावं, मदत धाडा, न्हाईतर आमाला मागं घ्या. दोनीतलं एक करा. आनि गावं आदी हलवा. खाली आमची बायकापोरं हायेत."

"सांगतो," सेनापती म्हणाला.

परतीच्या वाटेवर दोन दिवस तो एकच वाक्य घोकत होता. महाराज, भाले मोडले. महाराज, भाले मोडले. वाक्य अवघड नव्हतं. अवघड होता तो त्यानंतरचा प्रश्न. राजा विचारणार, कधीपासून? आणि मग विचारणार, तुम्ही काय करत होता? या प्रश्नाचं उत्तर सेनापतीजवळ होतं, पण भर दरबारात ते देण्याची छाती त्याच्याजवळ नव्हती. ज्यानं एकेकाळी तलवारीपुढे छाती काढली होती, त्याला आता एका प्रश्नाची भीती वाटत होती.

दरबार भरला होता. राजा पुढे झुकून बसला होता. शुभकारभारी घंटा सावरून उभा होता. सेनापतीनं मुजरा केला. तोंड उघडेपर्यंत मोडले हाच शब्द त्याच्या जिभेवर होता. मग त्याची नजर घंटेकडे गेली, आणि आपल्याला पळवाट मिळाली असं त्याला वाटलं.

"महाराज," तो म्हणाला, "खिंडीवरचे भाले वाढले."

राजाचा चेहरा उजळला. "वा! आणि धान्य?"

"धान्य उदंड झालं, महाराज."

"घोडे?"

"घोडे विसाव्याला आहेत."

"आणि माणसं? माणसं पुरेशी आहेत ना?"

सेनापतीनं क्षणभर डोळे मिटले. "महाराज, दोनशे दहा जण येतो म्हणाले आहेत."

"दोनशे दहा जण येतो म्हणाले!" राजा उठून उभा राहिला. दरबारात वाहवा झाली. घंटा एकदाही वाजली नाही. राजानं आपल्या हातानं सेनापतीच्या खांद्यावर शेला घातला आणि म्हणाला, "मग उत्तरेच्या राजापुढे हात कशाला पसरायचे? गावंही हलवायला नकोत, लोक उगाच घाबरतील. सेनापती, तुम्हीच पुन्हा वर जा. नाईकाला माझी आज्ञा सांगा. म्हणावं, खिंड शेवटपर्यंत धरून ठेव."

अजूनही एक शब्द पुरला असता. तो शब्द सेनापतीनं उच्चारला नाही. राजवाड्याच्या पायऱ्या उतरताना तो स्वतःला सांगत होता, मी एक अक्षरही खोटं बोललो नाही. आणि ते खरं होतं. त्याच्या बोलण्यातला एकेक शब्द शास्त्रशुद्ध होता. नुसत्या रीतभातीच्या शब्दांनी इतकी मोठी फसवणूक करणारा माणूस त्या राज्यात पूर्वी झाला नव्हता.

महाराजांना आतला अर्थ कळलाच असेल, असंही तो स्वतःला सांगत होता. पण राजधानी मागे पडल्यावर त्यानं तो शेला खांद्यावरून काढला आणि खोगिराच्या पिशवीत कोंबला.

दोन दिवसांनी तो खिंडीवर पोचला. नाईकानं आज्ञा ऐकून घेतली. त्याच्या मागे माणसं गोळा झाली होती. एकानं तर घरी जायच्या तयारीनं गाठोडं बांधून काखेत धरलं होतं.

"महाराजांना समदं सांगितलं न्हवं?" नाईकानं विचारलं.

"सांगितलं."

"भाल्यांचं?"

"सांगितलं."

"धान्याचं? घोड्यांचं? मानसं गेल्याचं?"

"सगळं सांगितलं."

नाईकानं मोठा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "मंग झालं की! समदं ठावं आसून महाराज थांबा म्हनत्यात, म्हंजी त्येंच्या मनात कायतरी बेत आसनार. त्यो आपल्याला कळायाच पायजे असं कुठं हाय?" आणि मागे वळून तो ओरडला, "ऐकलं का रं? महाराजांना समदं ठावं हाय! भिऊ नगासा!"

माणसांच्या चेहऱ्यांवर धीर आला. कुणीतरी दगड आणून कड्याच्या काठावर रचायला लागला, दुसरे त्याच्या मदतीला गेले. गाठोडं घेतलेल्या माणसानं ते खाली ठेवलं आणि त्याची गाठ सोडली.

ती सुटलेली गाठ सेनापतीनं बघितली. या माणसांनी त्याला शिव्या दिल्या असत्या, तर त्यानं त्या आनंदानं ऐकल्या असत्या. पण त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिथे उभं राहणं अशक्य झालं. आणि तरी, मित्रांनो, तेव्हाही त्याच्या तोंडून खरं निघालं नाही. नव्वद माणसांसमोर तो घोड्यावर बसला आणि उतरणीला लागला.

दोन दिवस तो वाटेत कुठे जेवला नाही. राजधानीत पोचला तेव्हा दरबार चालू होता. धुळीनं भरलेल्या जोड्यांनिशी तो थेट आत शिरला आणि मुजराही न करता म्हणाला, "महाराज, भाले मोडले."

टिंग.

"धान्य संपलं."

टिंग.

"घोडे लंगडे झाले, माणसं पळून गेली, आणि जी पळाली नाहीत ती म्हातारी झाली."

टिंग, टिंग, टिंग. शुभकारभारी घाईघाईनं पुढे आला. "सेनापती, अहो चूळ! आधी बाहेर जाऊन चूळ भरा!"

"नंतर भरीन. आधी माझं बोलणं संपू द्या."

संपू या शब्दालाही घंटा वाजली. सेनापतीनं तिकडे लक्ष दिलं नाही. तो म्हणाला, "महाराज, मला हे सगळं सहा वर्षांपासून ठाऊक होतं. त्या दिवशी मी तुम्हाला मुद्दाम असं सांगितलं, की तुम्हाला कळू नये."

या वाक्याला घंटा वाजली नाही. त्यात उणा शब्दच नव्हता.

राजाचा चेहरा पांढरा पडला. आता हा सेनापतीचं डोकं उडवायला सांगणार, असं दरबाराला वाटलं. पण राजा वेगळंच बोलला.

"आज सकाळी मुदपाकखान्यातून निरोप आला, मीठ उदंड झालं. मी लगेच म्हटलं, मग आणायला पाठवा. मिठाच्या वेळी मला अर्थ कळतो. भाल्यांच्या वेळी कसा कळला नाही?"

उत्तर राजानंच दिलं.

"त्या दिवशी एकदा मनात आलं होतं. पण अर्थ विचारला असता, तर उत्तरेच्या राजाकडे मदत मागावी लागली असती. म्हणून मी विचारलं नाही." त्यानं दरबाराकडे बघितलं. "आणि तुमच्यातल्या किती जणांना कळलं होतं?"

एकेक मान खाली गेली. शुभकारभाऱ्याचीही गेली. त्यानं घंटा जमिनीवर ठेवली आणि ती वाजू नये म्हणून तिच्यावर हात धरला. इतकी माणसं एकाच वेळी स्वतःच्या पायांकडे बघताना त्या दरबारानं कधी पाहिली नव्हती.

"किती दिवस वाया गेले?" राजानं विचारलं.

"चार," सेनापती म्हणाला.

त्याच घटकेला स्वार उत्तरेला निघाला. तिथे जायला तीन दिवस, फौज घेऊन यायला तीन दिवस. सेनापतीनं हात जोडले, "महाराज, मला खिंडीवर जाऊ द्या. त्या माणसांबरोबर मरू द्या."

"नाही," राजा म्हणाला. "मेलात तर सुटाल. तुम्ही गावं हलवा."

सेनापतीनं सातही गावं हलवली. म्हाताऱ्यांना पाठुंगळीला घेतलं, गुरं हाकली. वर खिंडीवर त्यानं निरोप धाडला, की उत्तरेची फौज येते आहे, तोवर तग धरा. आपण पूर्वी काय केलं होतं, ते त्यानं या निरोपातही घातलं नाही. आता तेवढा वेळ नाही, असं तो मनाला म्हणाला. अंगात मुरलेली सवय एका दिवसात जात नाही.

पश्चिमेची फौज निरोपाच्या दुसऱ्या दिवशी खिंडीशी आली. नव्वद माणसांनी दोन दिवस खिंड धरली. तीस भाले पहिल्या सकाळीच मोडून गेले. मग त्यांनी दगड लोटले, दगड सरल्यावर मोडके दांडे हातात घेतले. मोतीबिंदू झालेला म्हातारा खरंच आवाजावर बाण मारत होता. दुसऱ्या दिवशी ऊन कलताना उत्तरेची फौज पोचली आणि शत्रू मागे फिरला. राज्य वाचलं. गावातलं एक माणूसही दगावलं नाही.

खिंडीवर मात्र बारा जण जिवंत सापडले. नाईक त्यांत नव्हता. चार दिवस आधी मदत मागितली असती, तर उत्तरेची फौज शत्रूच्याही दोन दिवस आधी तिथे येऊन उभी राहिली असती.

त्या बारांतल्या एकानं सेनापतीला सांगितलं, "तुमचा निरोप आला तवा नाईक लई खूश झाले जी. म्हनले, बगा, म्या सांगितलं न्हवतं, महाराजांच्या मनात बेत हाय?"

सेनापतीनं ते ऐकलं आणि तो रस्त्यातच खाली बसला.

राजानं त्याला शिक्षा दिली ती अशी. "अठ्ठ्याहत्तर घरं आहेत. निम्म्या घरी तुम्ही जायचं, निम्म्या घरी मी जाईन. काय झालं आणि का झालं, ते सरळ शब्दांत सांगायचं." त्या दिवसापासून दरबारातली घंटा बंद झाली. घराघरातले लोक तांदूळ उदंड झाले म्हणत राहिले, त्यात काही बिघडत नव्हतं. पण राज्याच्या कामात मोडलं त्याला मोडलं म्हणायचं, असं ठरलं.

सेनापती सगळ्यांत आधी नाईकाच्या घरी गेला. नाईकाची बायको अंगणात नाचणी पाखडत होती. गावात परत येऊन तिला दोनच दिवस झाले होते, आणि खिंडीवरची खबर अजून तिच्यापर्यंत आली नव्हती. सेनापतीला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर सावरून उभी राहिली.

"बाई," तो म्हणाला, "नाईक देवाघ..." तो थांबला. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "नाईक मेले."

तिनं भिंतीचा आधार घेतला. ती रडली नाही. मग तिनं विचारलं, "कशापायी?"

त्यानं सगळं सांगितलं. भाले, धान्य, घोडे, दरबारात आपण काय बोललो ते, आणि खिंडीवर नाईकानं विचारल्यावर आपण काय उत्तर दिलं ते. काही वगळलं नाही.

"म्हंजी भाले मोडल्यात ह्ये तुमाला ठावं व्हतं."

"होतं."

"मंग राजाला तवाच का न्हाई सांगितलंसा?"

"लाज वाटली."

"अन् आता?"

"आता जास्त वाटते."

नाईकाची बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या घरी आलेल्या माणसाला आजवर कधी उभं राहावं लागलं नव्हतं. पाणी देऊन, घोंगडी टाकून मगच ती बोलायला लागायची. आज ती तसं काही करायला वळली नाही.

"मंग ऱ्हावा हुबं," ती म्हणाली. "मी काय तुमाला बसा म्हननार न्हाई."

ती आत गेली आणि थोड्या वेळानं आतून रडण्याचा आवाज आला. सेनापती अंगणात उन्हात उभा राहिला. आतला आवाज थांबेपर्यंत तो हलला नाही. मग तो पुढच्या घराकडे चालू लागला. अजून अडतीस घरं राहिली होती.

बोध : आपली चूक सांगायची लाज वाटते म्हणून जो ती गोड शब्दांत झाकतो, त्याला पुढे त्याहून मोठी लाज सोसावी लागते, आणि चुकीची शिक्षा मात्र त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना भोगावी लागते.